जळगावहून पंधरा मिनिटं

आमच्या गोंदूरच्या माळावर धुळ्याची विमानपट्टी झाली आणि जन्मभर गुरं राखणारा वना तिथला राखणदार झाला. काम तेच! विमान यायच्या आधी पट्टीवरची गुरं हाकलायची. पण सरकारी टोपी डोक्यावर आली नि गडी असा ताठला, की मला, शेजारणीला, "बेबाअक्का, शेळी आवर" म्हणून दम द्यायला लागला. मेल्या, माझ्या चुलीवरच्या भाकरी खाऊन वाढलास तू!

बायको लवकर गेली त्याची. एकुलत्या रेशमाला त्यानं आई होऊन वाढवलं. वेण्यासुद्धा हाच घालायचा, वाकड्यातिकड्या. दिली ती जळगावच्या विमानपट्टीलगतच्या गावात. एस.टी.नं पारोळा, एरंडोल करत निम्मा दिवस जायचा. वना लेकीसाठी झुरायचा. एकदा पायलटला त्यानं विचारलं, जळगावहून यायला किती वेळ लागला? तो म्हणाला, "पंधरा मिनिटं." झालं! "अक्का, मनी पोर तं शेजारलेच शे!" गावभर तेच.

शहात्तर साली रेशमाची लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. सणाला लेकीला माहेरी आणायला मुराळी जायला हवा. तो वनाच, दुसरं आहे कोण? संक्रांतीला भेटला तेव्हा तो तिला म्हणून आला होता, "आखाजीले तुना मुराळी इमानमा येई." थट्टाच ती. पण जिभेला हाड नसतं माणसाच्या.

सणाच्या आदल्या दिवशी पहाटे तो पिशवी घेऊन निघाला, तोच निरोप आला. साहेबांचं विमान जळगावहून येतंय, पट्टी सोडू नको. "ते उतरलं की निघतो," म्हणाला. विमान यायला दुपार टळली. गुरं हाकलून, सलाम ठोकून तो धावतच स्टँडवर गेला.

तिकडे रेशमाला कुणीतरी सांगितलं होतं, पट्टीवर विमान उभं आहे. बोलाफुलाला गाठ पडली! पोरगी गाठोडं घेऊन सकाळपासून तारेच्या कुंपणाशी उभी. वैशाखाचं ऊन. सासू हाका मारून थकली. ही म्हणे, "आबा आले नि मी नसले तर?" तिच्या डोळ्यांदेखत विमान उडून गेलं. तरी हलली नाही. म्हणाली, आबाला घेऊन परत येईल, पंधरा मिनिटं तर लागतात.

वना पोचला तेव्हा ऊन लागून ती गेली होती. गाठोडं तिच्या उशाशी ठेवलेलं होतं. त्याच विमानासाठी हा इकडे पट्टी मोकळी करत होता हो!

तेव्हापासून विमान यायचं म्हटलं, की वना तांब्याभर पाणी घेऊन कडेला उभा राहतो. साहेबलोक उतरले की हा दारापाशी जातो. पायलट म्हणतो, सगळे उतरले. वना म्हणतो, "एक जण बाकी शे."

गेल्या आखाजीला तर आभाळात काहीच नव्हतं, तरी हा गुरं हाकलत सुटला. माझी शेळी पट्टीच्या मधोमध उभी. मी चिडले, ओरडले, "कसलं विमान रे, वेड्या? आज कुणी येत नाही!"

त्यानं उगवतीकडे बोट केलं. "जयगावथून निंघनं, अक्का. पंधरा मिनिट."

माझं तोंड कुणाला आवरत नाही. पण त्या दिवशी मी गुमान पट्टीवर गेले, शेळी कडेला ओढली आणि तिचं दावं घट्ट धरून उभी राहिले.