जावईबापूंचं कलम

माझं माहेर सोलापूरच्या बाजूचं. तिथे पाणी नसतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे त्याबद्दल कुणी बोलत नाही. लग्न होऊन रत्नागिरीला निघाले तेव्हा आमच्याकडच्या बायका म्हणाल्या, "आता काय बाई, पाण्यात पोहशील!" ऐंशी सालच्या जरा पुढची ही गोष्ट. पावसाळाभर ते खरंही ठरलं. चार महिने साड्या वाळल्या नाहीत, मिठाला पाणी सुटलं आणि माझ्या चपलांवर हिरवी बुरशी आली. मग मार्च उजाडला आणि विहिरीचा तळ दिसायला लागला. मला वाटलं, आपल्याच नशिबात काही खोट असावी.

"एवढा पाऊस पडला तो गेला कुठे?" मी सासऱ्यांना विचारलं.

"समुद्रात," ते म्हणाले. "आपल्याला न विचारता."

सासऱ्यांना घरात सगळे अण्णा म्हणत. ते शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते. भाट्याच्या पुलापलीकडे चढावर आमचं घर, आणि घराभोवती दोन एकर कातळ. कातळ म्हणजे काळा पडलेला जांभा दगड. त्यावर पावसाळ्यात गवत उगवतं आणि उन्हाळ्यात पाय भाजतात. या कातळावर बाग करायची हा अण्णांचा निवृत्तीनंतरचा बेत होता. सुरुंग लावून खड्डे पाडून घेतले होते, खालच्या मळ्यातून माती आणून त्यात भरली होती आणि नारळ, केळी, आंब्याची कलमं लावली होती. प्रश्न फक्त पाण्याचा होता.

त्यासाठी अण्णांनी नकाशा काढला. मोठा ड्रॉइंगचा कागद, मधोमध घर, आणि शाळेच्या फळ्यावरच्या लाकडी कंपासने घराभोवती एकाबाहेर एक अशी चार वर्तुळं. रोज लागतं ते पहिल्या वर्तुळात: मिरच्या, अळू, कढीपत्ता. दोन-चार दिवसांनी लागतं ते दुसऱ्यात: केळी, पपई, शेवगा. तिसऱ्यात नारळ. वर्षातून एकदा लागतं ते चौथ्यात, म्हणजे आंबे. तिसरं वर्तुळ शेजाऱ्यांच्या गोठ्यातून जात होतं. तिथे अण्णांनी ठिपक्यांची रेघ काढून सौजन्य दाखवलं होतं. शेजारी भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, पातेरा, म्हणजे झाडाखालचा वाळका पाला, गोळा करायला निघाले की अण्णा त्यांच्याआधी टोपली घेऊन हजर असत. तो पाला ते प्रत्येक झाडाच्या आळ्यात वीतभर जाड पसरत. "उन्हाने मातीला ऊन लागता कामा नये," असं ते म्हणत, आणि हे वाक्य चुकलेलं आहे हे सांगायचं धाडस कुणाला होत नसे.

इथवर सगळं शहाणपणाचंच होतं. पण मग अण्णांच्या लक्षात आलं की घरात सर्वांत जास्त पाणी आंघोळीला लागतं.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारावर एक तक्ता लागला. न्हाणीचं पाणी पाट काढून केळींना सोडलं होतं. त्यामुळे मी आणि सासूबाई केळींच्या वाट्याला आलो. पुरुषांनी मात्र आपापल्या झाडाखाली आंघोळ करायची होती. आडोशाला दोन झाप, म्हणजे नारळाच्या विणलेल्या झावळ्या, आणि उभं राहायला एक सपाट दगड. ही न्हाणी रोज उचलून या झाडाखालून त्या झाडाखाली न्यायची. साबण बंद, कारण मुळांना चालत नाही. त्याऐवजी डाळीचं पीठ. गरम पाणी बंद, कारण तेही मुळांना चालत नाही.

आमच्या ह्यांना तिसऱ्या वर्तुळातला नारळ मिळाला. हे बँकेत नोकरीला होते. आठवड्याभरात तिथल्या शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी विचारलं, "तुमच्याकडे रोज भजी असतात का हो?"

मे महिन्यात नणंद आणि तिचे यजमान मुंबईहून आले. जावईबापू घसघशीत देहाचे, सज्जन गृहस्थ. मुंबईला त्यांच्याकडे सकाळी अर्धा तास पाणी येई, त्यामुळे वर्षभर बादलीभर पाण्यात उरकणारा हा माणूस सासुरवाडीला मनसोक्त आंघोळीच्या आशेने येत असे. आल्या आल्या त्यांनी खांद्यावर टॉवेल टाकला आणि साबणाची नवी वडी काढली.

अण्णांनी ती वडी हळूच काढून घेतली. "जावईबापू, तुमचं झाड चौथ्या वर्तुळात आहे."

"माझं झाड?"

"तुम्ही वर्षातून एकदा येता. तेव्हा झाडही वर्षातून एकदा फळणारं हवं. हिशेबच आहे तो."

सासूबाई आतून धावत आल्या. "अहो, काही लाज? जावयाला कातळावर उभं करून आंघोळ घालणार? लोक काय म्हणतील?"

"लोकांना दिसणार नाही. झाप आहेत."

"झाप आहेत, पण जावई केवढे आहेत!"

जावईबापूंच्या वाट्याला आलेलं हापूसचं कलम सगळ्यांत मरतुकडं होतं. एक काडी आणि तिला चार पानं, तीही कडेने करपलेली. पहिल्या सकाळी विहिरीचं गार पाणी अंगावर पडलं तेव्हा त्यांनी ठोकलेली आरोळी भाट्याच्या किनाऱ्यापर्यंत गेली असावी, कारण तिकडची कुत्री भुंकली. झापाबाहेर अण्णा पाठ करून उभे होते आणि सूचना देत होते.

"जरा पूर्वेला सरका. पश्चिमेला पाणी जास्त झालं."

"अण्णा, पाठीला पीठ पोचत नाही."

"असू दे. पाठ आपली, झाड सगळ्यांचं."

तिसऱ्या दिवसापर्यंत जावईबापूंना त्या काडीचा लळा लागला. ते तिच्याशी बोलायला लागले. दुपारी तिच्यावर छत्री धरून बसायला लागले. संध्याकाळी ह्यांच्या नारळाजवळ उभं राहून "तुमचं जरा पिवळट वाटतं" असं शांतपणे म्हणायला लागले. नणंद मला म्हणाली, "वहिनी, आमच्या लग्नात एवढं लक्ष नव्हतं हो त्यांचं."

आठ दिवसांनी ते मुंबईला गेले. पावसाळा झाला, दिवाळी झाली. जावईबापूंचं पोस्टकार्ड आलं: "कलम कसं आहे? नवीन पालवी आली का? पाने मोजून कळवावे. बाकी ठीक." सासूसासऱ्यांना नमस्कार नव्हता. अण्णांनी उलट टपाली कळवलं: "पाने पाच. एक शंकास्पद."

पण पौष लागला, जमीन सुकायला लागली आणि त्या झाडाखाली आंघोळ करायला कुणी नव्हतं. अण्णांनी आठवडाभर रोज दोनदा आंघोळ केली, एकदा स्वतःच्या झाडाखाली, एकदा जावयाच्या. मग त्यांना असं काही पडसं झालं की शिंका मोजायला पोस्टकार्ड लागलं असतं.

तेव्हा जेवताना मी भीत भीत म्हटलं, "अण्णा, आमच्याकडे झाडाशेजारी मडकं पुरतात. गळ्यापर्यंत. पाणी भरायचं, वर झाकण ठेवायचं. मडकं हळूहळू पाझरतं आणि मूळ आपलं आपण पाणी पितं. आठवड्यातून दोनदा भरलं तरी पुरतं."

अण्णांनी घास खाली ठेवला. "म्हणजे माणसांनी आंघोळी कशाला करायच्या?"

"आंघोळ कराच. पण झाडासाठी..."

"सूनबाई, सोलापुरात असेल तसं. इथे कोकण आहे. इथलं मूळ मानी असतं. मडक्यातलं पाणी पिणार नाही ते."

मी आमटी वाढली. पण लाकडाच्या खोपटात सासूबाईंनी एक मडकं टाकून दिलेलं होतं. पाझरतं म्हणून टाकलेलं. मला तर पाझरणारंच हवं होतं. एका दुपारी सगळे लवंडले असताना मी खुरपं घेऊन गेले, जावईबापूंच्या कलमाच्या आळ्यात पूर्वेच्या कडेला मडकं पुरलं, तोंडावर नारळाची अर्धी करवंटी उपडी ठेवली आणि वर पातेरा पसरला. काही म्हणता काही दिसत नव्हतं. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा मी "कातळावर सांडगे घातलेत, कावळे बघून येते" असं सांगून कळशी घेऊन जायची. कावळ्यांना राखायला कळशी कशाला, हे कुणी विचारलं नाही. सांडगे एवढे झाले की वर्षभर घरात दुसरं तोंडी लावणं नव्हतं.

आणि झाड उठलं. फेब्रुवारीत पालवी आली, मार्चमध्ये दुसरी फांदी फुटली. एप्रिलमध्ये ते माझ्या कमरेला लागलं. अण्णा रोज फूटपट्टी घेऊन जात आणि येऊन सांगत, "बघितलंस? मागच्या मेमधल्या आंघोळीचा परिणाम. माणसाच्या अंगात सत्त्व असतं. जावईबापूंच्या अंगात जरा जास्तच आहे." ह्यांचा नारळ तसाच पिवळट होता. हे बिचारे आरशात स्वतःकडे बघत बसायचे.

मे महिन्यात जावईबापू आले ते थेट स्टँडवरून झाडाकडेच. बॅग अजून हातात होती. त्यांनी आधी पानं मोजली. मग त्यांनी नणंदेला हाक मारून आणलं आणि म्हणाले, "बघ. तू मला नेहमी म्हणतेस ना, तुमच्या हातून काही होत नाही?"

दुसऱ्या सकाळी झाप उभे राहिले. अण्णा बाहेर पाठ करून उभे. मी पहिल्या वर्तुळात मिरच्या खुडत होते आणि मिरच्यांबरोबर पानंही खुडत होते, कारण या वर्षी सपाट दगड आळ्याच्या मडक्याच्याच बाजूला ठेवलेला मी पाहिला होता. एक तांब्या पडला. दुसरा पडला.

"जावईबापू, पूर्वेला सरका."

ते पूर्वेला सरकले. करवंटी कडाडली. मग आरोळी आली. गेल्या वर्षीची त्यापुढे काहीच नव्हती.

"अण्णा! जमिनीने पाय धरला!"

आम्ही सगळे धावलो. झाप आडवे झाले होते. जावईबापू पंचा सावरत एका पायावर उभे, दुसरा पाय घोट्याच्या वरपर्यंत मडक्यात. आत गेला होता खरा, पण टाच बाहेर येत नव्हती. तेवढ्यात हेही अर्धवट दाढी झालेले धावत आले आणि त्यांनी मेहुण्यांना काखेत धरून ओढायला सुरुवात केली.

"थांब! फोडते ते मडकं," म्हणत सासूबाईंनी दगड उचलला.

"फोडू नका!" अण्णा ओरडले. ते आळ्याजवळ गुडघ्यावर बसले होते आणि हाताने माती बाजूला करत होते. "हे बघा, हे बघा तरी!"

मडक्याभोवती पांढऱ्या बारीक मुळांचं जाळं झालं होतं. जणू कुणी लोकरीची टोपी विणून घातली होती. अण्णा बोटाने ती मुळं हळूच उचलून बघत होते. त्यांचा चेहरा परीक्षेत भलतंच सुंदर चित्र आलेल्या मास्तरांसारखा झाला होता.

"अण्णा, माझा पाय," जावईबापू म्हणाले.

"हो, हो. पण हे मडकं इथे आलं कसं?"

 मी म्हटलं, "मी पुरलं."

"आणि पाणी?"

"सांडगे राखायला जायचे तेव्हा."

"तू मार्चमध्ये पंधरा दिवस माहेरी होतीस," अण्णा मास्तरांच्या आवाजात म्हणाले. "तेव्हा कुणी घातलं?"

सासूबाईंनी दगड खाली ठेवला. "मी घातलं. तांदळाचं धुवण. मला काय दिसत नव्हतं? मडकं माझं, मला ठाऊक नसणार? काय गो, एवढे सांडगे करायची काय गरज होती? मला सांगितलं असतंस तर पापड केले असते."

शेवटी डाळीचं पीठच कामी आलं. पीठ आणि पाणी टाचेला चोळून चोळून पाय सुटला. जावईबापू तिथेच पातेऱ्यावर बसले. त्यांना पायापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची जखम झाली होती.

"म्हणजे माझ्या आंघोळीने काहीच झालं नाही?"

अण्णा त्यांच्याशेजारी बसले. त्यांच्या टाचेवरचं पीठ पुसत म्हणाले, "सुरुवात तुम्ही करून दिलीत. मडक्याने फक्त पुढे चालवलं." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "अशी पाझरणारी अजून किती मिळतील?"

त्या पावसाळ्यानंतर आमच्या कातळावर वीस मडकी पुरली गेली. साबण घरात परत आला. ह्यांचा नारळ महिन्याभरात हिरवा झाला आणि हेही.

जावईबापूंच्या कलमाला सहाव्या वर्षी आंबे धरले. मुंबईची मंडळी मुद्दाम आली. शेजारचे बागवाले बघायला आले, त्यांनी एक आंबा हातात घेतला, वास घेतला, मग वाकून खोड बघितलं.

"अण्णा, हा हापूस नव्हे. वरचं कलम कधीच मेलंय. ज्यावर ते बांधलं होतं तो खालचा खुंटच फुटून वाढलाय. हे रायवळ आहे, गावठी."

अण्णांनी फूटपट्टीने सहा वर्षं उंची मोजली होती. पालवी कलमाच्या जोडाच्या वरून येते की खालून, हे कधी बघितलं नव्हतं. मीही नव्हतं बघितलं. आमच्याकडे ज्वारीला जोड नसतो.

सगळ्यांनी जावईबापूंकडे पाहिलं. त्यांनी एक आंबा देठाशी चावून चोखायला घेतला. लहानसा, आंबट, दातात दोरे अडकणारा आंबा होता तो. रस कोपरापर्यंत आला. चोखून झाल्यावर कोय बाजूला ठेवून ते म्हणाले, "असा हापूस मी जन्मात खाल्ला नाही."

"खरं आहे," बागवाले म्हणाले.

दुपारी सासूबाईंनी त्या आंब्यांचं रायतं केलं, गूळ आणि मोहरी घालून. जावईबापूंनी त्याच्याबरोबर तीनदा भात घेतला. जाताना गवतात बांधून एक पेटी नेली आणि मुंबईत ऑफिसात सगळ्यांना वाटली. नणंद सांगत होती, साहेबांनी एक खाल्ला आणि म्हणाले, "जरा आंबट आहे, नाही?" त्यावर हे गृहस्थ म्हणाले, "साहेब, पाणी विहिरीचं आहे. गारच असतं ते, पहिल्यांदा झोंबायचंच."