केरूदादाच्या काठ्या

बांधावर आला की केरूदादा चपला काढायचा आणि त्यांची तोंडं गावाकडे करून ठेवायचा. पाखराकडे बोट दाखवायचा नाही, हनुवटी उचलायचा. बिडी कानावर ठेवायचा, खाडीवर पेटवायचा नाही. भरती लागली की बोलणं अर्ध्यावर सोडून उठायचा.

डोलवीच्या कारखान्यात तो कंत्राटी कामाला होता. रात्रपाळी नसली की सकाळी खाडीवर पाखरं बघायचा. मी पेणला मराठीत बी.ए. करून घरी बसले होते. वही घेऊन त्याच्यामागे जायचे.

"बीए झालीस गो शकू, नि ढोकरीला बगळा म्हणतेस?"

रविवारी रोह्याची पक्षीमित्र मंडळी येणार होती. चिखलातून समोरच्या बेटावर जायला एकच घट्ट वाट, तीही फक्त त्याच्या पायांना ठाऊक. परकी माणसं रुतू नयेत म्हणून तो वाटेवर चिंध्या बांधलेल्या काठ्या रोवत निघाला. आदल्या दिवशी अमावास्या झाली होती, उधाणाचे दिवस होते.

"नवाच्या आत पाणी येत नाय," म्हणाला. काखेत मावल्या तेवढ्या काठ्या नेल्या, बाकीची मोळी बांधावर माझ्यापाशी ठेवली.

आठच्या सुमाराला चिखलावरचे कोरल पक्षी एकदम उठले. माझ्या डोक्यावरून बांधामागच्या मिठागरात जाऊन बसले.

"दादा, पाखरं उठली!"

त्यानं हनुवटी वर केली. आभाळात ससाणा होता.

"त्याला भ्याली. येतील परत."

ससाणा निघून गेला. पाखरं परतली नाहीत.

त्या वर्षी कारखान्याचे मालवाहू बार्ज आत यावेत म्हणून खाडीचं तोंड खणलं होतं. पाणी आता लवकर शिरत होतं. पाखरांना ते कळलं होतं. मला नंतर कळलं.

"दादा, माघारी ये!"

"एवढी रोवतो नि येतो. भ्यालीस व्हय गो? अगो, या खाडीत मी..."

तो बोलता बोलता थांबला. माझ्या नि त्याच्या मध्ये, काठ्यांमधून, पाणी आडवं येत होतं. पाण्याचा आवाज नव्हता.

मी गावाकडे धावले. गावातला कान्हू होडी घेऊन पोचला तेव्हा पाण्यावर नुसत्या चिंध्या दिसत होत्या. केरूदादा दुसऱ्या दिवशी ओहोटीला सापडला.

चपला त्याच्या बायकोनं, चिमानं, नेल्या.

काठ्या अजून उभ्या आहेत. एकोणीस. अर्ध्या वाटेपर्यंत. उरलेली मोळी बांधावर तशीच आहे. तिच्यातल्या काठ्या पुढे कुठे रोवायच्या, ते आता कुणालाच ठाऊक नाही.