मिस्टर नावाचा माणूस

माझ्या काकांचं नाव मिस्टर. पाळण्यातलं नाव, मागाहून कुणी चिकटवलेलं नव्हे. मिस्टर ट्रॅमेल.

अमेरिकेच्या दक्षिणेत, आमच्या अलाबामात, टॅलो क्रीकसारख्या गावात, असं नाव का ठेवावं लागलं ते आम्हा काळ्यांतल्या पोरासोरांनाही समजायचं. गोरा माणूस आमच्या पुरुषाला कधी मिस्टर म्हणायचा नाही. केस काळे असेपर्यंत तो 'पोऱ्या', पांढरे झाले की 'काका'. मधलं काही नाहीच. माझी आजी ओझेला गोऱ्यांचे कपडे धुवायची. तिच्या नवऱ्याला दहा वर्षांचं पोरसुद्धा अरे-तुरे करायचं, ते तिच्या डोळ्यांत खुपायचं. शेवटचा मुलगा झाला तेव्हा ती बाजेवरूनच म्हणाली, "ह्याचं नाव मिस्टर. आता बघते कसे म्हणत नाहीत!"

नाहीच म्हणाले. माणसाला हाक न मारता काम करून घ्यायच्या किती तऱ्हा असतात, ते काकांच्या आयुष्याकडे बघून कळावं. लाकडाच्या गिरणीतला मुकादम त्यांना शीळ घालून बोलवायचा. पोस्टातला माणूस नुसता "ए ट्रॅमेल" करायचा. दुकानदारीण त्यांच्याकडे बोट दाखवून शेजारच्याला म्हणायची, "त्याला विचार, काय हवंय." घरी मात्र आम्ही त्यांना काका अशी हाक चुकूनही मारत नसू. तो शब्द गोऱ्यांनी उष्टा करून टाकला होता. आम्ही पोरं हाक मारायचो, "मिस्टर, जेवायला चला!" आणि ते मुद्दाम उशिरा उठायचे. पुन्हा एकदा ऐकायला मिळावं म्हणून, असं त्यांची बायको, व्हर्डी काकू, म्हणायची.

एकोणीसशे बावन्न साली पेट्रोलपंपावरचा गल्ला फुटला. मालकाने 'एक उंच काळा' पळताना पाहिला होता. माझा चुलतभाऊ, काकांचा मुलगा कॉर्लिस उंच होता, त्याला पकडायला तेवढं पुरलं. त्या संध्याकाळी कॉर्लिस तापाने फणफणलेला होता आणि बाप त्याच्या उशाशी बसून कपाळावर ओली फडकी ठेवत होता. काकू गोऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला गेलेली. म्हणजे पोराला वाचवू शकेल असा साक्षीदार एकच, त्याचा बाप.

मी तेव्हा चौदा वर्षांची. कोर्टात आमच्या लोकांना वर माडीवर बसवायचे. मी काकूला खेटून, कठड्याला नाक लावून बसले होते. खाली काका पिंजऱ्यात उभे राहिले. अंगात इस्त्री केलेला, कोपराला विरलेला कोट.

"नाव?" न्यायाधीशांनी विचारलं.

"मिस्टर ट्रॅमेल, साहेब."

खाली हशा पिकला. न्यायाधीश हसले नाहीत. "इथे मिस्टर फक्त वकीलसाहेब आणि ज्युरीतली मंडळी. तुझं नाव विचारलं मी."

"तेच आहे साहेब. आईनं ठेवलंय."

"मग तुझ्या आईनं चूक केली. मी सुधारतो. आजपासून तू जिम. शपथ घ्यायची तर जिम म्हणून घे. नाहीतर खाली उतर, कोर्टाच्या अवमानाबद्दल तुलाही आत टाकतो. पोरासाठी साक्ष मग कोण देतं ते बघू."

काकांनी कॉर्लिसकडे पाहिलं. पोर मानेनं नको नको म्हणत होतं. काकू माझा हात इतका दाबत होती की मला रडू आलं.

"जिम ट्रॅमेल, साहेब," काका म्हणाले.

आयुष्यभर जपलेल्या नावावर त्यांनी असं पाणी सोडलं आणि मग नीट, न अडखळता साक्ष दिली. ताप, फडकी, खिडकीतून दिसलेली मालगाडी, सगळं सांगितलं. मला वाटलं, सुटला कॉर्लिस.

मग सरकारी वकील उठले. ज्युरीतल्या बारा गोऱ्यांसमोर खिशात हात घालून फिरत म्हणाले, "मंडळी, हा माणूस आधी म्हणाला, मी मिस्टर. मग बायबलवर हात ठेवून म्हणाला, मी जिम. ज्याला स्वतःचं नाव धड खरं सांगता येत नाही, तो पोराबद्दल खरं सांगेल होय?"

ज्यांनी नाव बदलायला लावलं ते न्यायाधीश तिथेच चष्मा पुसत बसले होते. आमचा म्हणून नेमलेला वकीलही मूग गिळून गप्प. ज्युरीची मंडळी आत गेली आणि कॉफी गार व्हायच्या आत बाहेर आली. सात वर्षं, तुरुंगाच्या शेतावर राबायचं.

नेताना शिपायाने बापलेकाला क्षणभर बोलू दिलं. कॉर्लिस चिडला होता. "कशाला म्हणालात जिम? मला पाठवणारच होते ते. निदान नाव तरी राहिलं असतं!"

"पाठवणार ते मलाही माहीत होतं रे," काका म्हणाले. "पण काहीच न करता तुला जाऊ दिलं असतं, तर घरी कुठल्या तोंडानं गेलो असतो?"

कॉर्लिस परत आला तेव्हा त्याचा एक हात कामातून गेलेला होता. काकू त्याआधीच गेली. बापलेक एका टेबलाशी जेवायचे, बोलायचे कमी. मला आजही त्या दिवसाचा राग येतो, पण राग धरायलाही अंगात जोर लागतो आणि आमच्या घरात तो कुणाच्याच अंगात उरला नव्हता.

पुढे कायदे बदलले. एकोणऐंशी साली काकांना ज्युरीसाठी बोलावणं आलं, त्याच कोर्टात. मीच गाडीतून घेऊन गेले. आरोपी म्हणून आमच्यातलाच एक पोरगा बसला होता, मान खाली घालून. नवा सरकारी वकील तरुण, गोरा, फार सभ्य. कारण न सांगता एखाद्याला ज्युरीतून वगळायचा हक्क वकिलांना असतो. त्याने तो वापरून आमची माणसं एकेक करून काढली. काकांची पाळी आली तेव्हा किंचित वाकून म्हणाला, "मिस्टर ट्रॅमेल, आपले आभार. आपण आता घरी जाऊ शकता."

गाडीत बसताना काका म्हणाले, "किती गोड बोलला गं."

मी किल्ली फिरवली. माझ्या अंगाची लाही लाही झाली होती.

"थांब, डेल्फीन," ते म्हणाले. "आत शेवटच्या बाकावर त्या पोराचा बाप बसलाय. एकटाच आहे. मी जाऊन बसतो त्याच्याजवळ."

"पायऱ्या किती आहेत तिथे! गुडघे बघा आपले. आणि बसून काय होणार आहे?"

"काही नाही होणार," काका दार उघडत म्हणाले. "पण त्या दिवशी खाली माझ्याजवळ बसायला कुणालाच परवानगी नव्हती."