किडनी परत देणार नाही

नवऱ्याने मला किडनी दिली त्याला दोन वर्षं होत आली, आणि त्याच्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली. त्याचं ऑपरेशन ठरलं. मग डॉक्टर माझ्याकडे वळले. गाठीची एखादी पेशी किडनीबरोबर माझ्यात आली असण्याची शक्यता कमी, म्हणाले, पण नाहीच असं सांगता येत नाही. त्यात माझ्या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या. किडनी काढून पुन्हा डायलिसिसवर जा, नाहीतर ठेवा आणि तपासण्या करत राहा. घरी जाऊन ठरवा.

नवरा मूळचा सांगलीकडचा, बोईसरच्या एका औषधांच्या कारखान्यात माल तपासायला. तिथे प्रत्येक बॅचचा नमुना कपाटात जपून ठेवतात. पुढे तो बिघडला, तर बाजारात गेलेली अख्खी बॅच परत मागवतात. हा गृहस्थ स्वतःलाच नमुना समजून बसला!

"मी नापास झालो. तुझ्यातली काढायलाच हवी," म्हणाला आणि रडायला लागला.

चिंचणीहून आलेली माझी मोठी बहीणही त्याच्याच बाजूची. "काढून टाक गो बाय. डायलिसिस करशील, पन जीव तर ऱ्हाईल."

डायलिसिस करशील! भर उन्हाळ्यात कपाने मोजून पाणी पिणं काय असतं, ते हिला काय ठाऊक? माझं डोकंच फिरलं. उठले, तांब्या भरला आणि दोघांसमोर उभ्याने घटाघटा रिकामा केला.

"माजी हाय ती," मी नवऱ्याला म्हटलं. रागावले की माझ्या तोंडात चिंचणी येते. "तुमचं घोरणं घेतलं, रातपाळ्या घेतल्या, तुमच्या आईचे टोमणे घेतले. त्यातलं काय परत केलं? ही पन नाय देत."

भीती नव्हती असं नाही. खूप होती, अजून आहे. पण मी किडनी काढली असती, तर या माणसाने जन्मभर स्वतःला खराब माल म्हटलं असतं. ते मला सहन झालं नसतं.

किडनी ठेवली. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. नवऱ्याचं ऑपरेशन झालं.

परवा माझ्या तपासणीला तो बरोबर आला, पोट धरून, वाकून चालत. "आत्ता तरी काही दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. तो त्या 'आत्ता तरी'वरच अडकला. बाहेर आल्यावर हळूच म्हणाला, "अजूनही विचार कर."

मी पर्समधली बाटली काढली, अर्धी प्यायले, उरलेली त्याच्या हातात दिली.

"तिचं काम ती नीट करतेय. आता तुमी बरे व्हा."