नखाएवढा हिरवा डाग

अळंबीच्या खोलीत शिरण्याआधी सगळ्यांना हातपाय धुवायला लावायची, म्हणून घरचे तिला डॉक्टरीणबाई म्हणत. त्या सकाळी अळंबी उगवायला भरलेल्या भुशाच्या दोनशे पिशव्यांपैकी एकीवर तिला नखाएवढा हिरवा डाग दिसला. ती अळंबीचं पीक मारणारी बुरशी होती. तिचे बीजाणू धुळीहून बारीक असतात, वाऱ्यावर उडतात आणि पडतील तिथे नवी बुरशी उगवते.

धाकटी जाऊ फडकं घेऊन पुढे आली. “एवढंच ना, वहिनी? पुसून टाकते.”

“हात लावू नकोस! पुसलंस तर खोलीभर उडेल.”

जाऊ जागीच थिजली. डॉक्टरीणबाईने पंखा बंद केला, ओलं फडकं डागावर अलगद टाकलं आणि श्वास रोखून पिशवी बाहेर नेली. उकळत्या पाण्यात पिशवी बुडाली, तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

मग दोघी रोज सगळ्या पिशव्या एकेक करून उजेडाला धरून बघू लागल्या. तिसऱ्या दिवशी आणखी दोन डागाळलेल्या सापडल्या, त्याही उकळल्या. जाऊ तर रडकुंडीला आली. नवव्या दिवशी मात्र उरलेल्या सगळ्या पिशव्या अळंबीच्या तंतूंनी भरून दुधासारख्या पांढऱ्या निघाल्या. त्या दुपारी डॉक्टरीणबाई नऊ दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली.