मौखिकीच्या दिवशीचं जेवण

"तो डबा बाहेर नेऊन ठेव. परीक्षक सरांना घरचं चालणार नाही," माझे मार्गदर्शक म्हणाले. हळू बोलले नाहीत. माय शेजारीच उभी होती.

माझ्या पीएच.डी.च्या मौखिकीचा दिवस. परभणीतल्या महाविद्यालयाचा हॉल. रीतच आहे, मौखिकी झाली की परीक्षकांना नि पाहुण्यांना विद्यार्थ्यानं जेवू घालायचं. म्हणून माय धपाटे नि वांग्याची भाजी करून जिंतूरच्या एसटीनं आली होती. आम्ही बौद्ध. घरचं म्हणजे कुणाच्या घरचं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मायनं डबा पदराखाली घेतला. "ऱ्हाऊ दे बाई. तुझं काम हून जाऊ दे," म्हणाली नि बाहेर गेली. मला लाज वाटली. मार्गदर्शकांची वाटायला हवी होती, पण वाटली ती स्वतःची. आडनावाची, डब्याची, मायच्या विटक्या पिशवीची. एवढी पुस्तकं वाचून हीच लाज उरली होती.

बाहेरगावचे परीक्षक म्हणजे गाढा व्यासंग असलेला माणूस. संतांच्या अभंगातली समता हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. माझाही तोच. मला दोन प्रश्न विचारले आणि मग विद्वत्तेवर भाषणच दिलं. "खऱ्या व्यासंगानं माणसामाणसातला भेद गळून पडतो," म्हणाले. टाळ्या पडल्या.

मार्गदर्शक म्हणाले, "हॉटेलातून जेवण मागवलंय. आधी जेवू, मग अहवालावर सह्या."

माय दाराबाहेर चपलांजवळ बसली होती. मी तिला हाताला धरून आत आणलं. परीक्षकांच्या टेबलावर डबा उघडला.

"माझा प्रबंध चालतो, मग मायच्या हातचं का चालत नाही?"

"अगं, मला पथ्य आहे," परीक्षक म्हणाले. ताटात हॉटेलची तेलकट पुरी होती.

"चल बाई, कशाला वाढवायलीस?" माय पुटपुटली. मी धपाटा मोडला, अर्धा तिला दिला. लाज गेली नव्हती. तरी तिथंच बसून खाल्ला.

त्या दिवशी सह्या झाल्या नाहीत. प्रबंधात त्रुटी आहेत म्हणे, पुन्हा सादर करा.

करीन. दहादा करीन. पण विद्वत्ता म्हणजे काय, हे आता त्यांच्याकडून शिकणार नाही. वाचलेलं ताटावर बसल्यावर टिकतं का, एवढंच बघणार. पुढच्या मौखिकीलाही स्वयंपाक मायच करील. हॉटेलातून काही येणार नाही. ज्याला चालत नाही, त्यानं उपाशी जावं.