पायाखालचं पॅडल

दीपमालाचा उजवा पाय कधी गप्प म्हणून बसत नसे. बरकतपुऱ्यातल्या घरी आई काही सांगू लागली की पाय आपोआप फरशी दाबायचा. ऑफिसात पॅडल दाबलं की टेप मागं जायची आणि नीट न कळलेलं पुन्हा ऐकू यायचं, त्याची ही खोड.

सिकंदराबादेत तसली ऑफिसं नवीनच निघाली होती. अमेरिकेतले डॉक्टर पेशंटची माहिती टेपवर बोलून ठेवायचे, आणि ते झोपले की इकडच्या पोरी हेडफोन लावून ती टाइप करायच्या. त्यांची सकाळ व्हायच्या आत सगळं पोचलं पाहिजे. एक डॉक्टर नाकात बोलणारा, दुसरा जेवता जेवता. संध्याकाळी घरी आलं तरी मेले डोक्यात बडबडतच असायचे. ताटावर बसलं की परक्या माणसांचे मुतखडे आठवायचे. लोक मात्र म्हणायचे, शंकररावांच्या पोरीनं नशीब काढलं.

एका दुपारी निरोप आला, आबांना दवाखान्यात नेलंय, लगेच ये. ती सुपरवायझर सुधीरकडं गेली. त्यानं मानसुद्धा वर केली नाही.

"फाइल संपवून जा. अमेरिकेतला पेशंट थांबणार नाही, वडील थांबतील."

वडील थांबले नाहीत. कुणा अनोळखी म्हाताऱ्याच्या हृदयाचा रिपोर्ट टाइप करून ती पोचली, तेव्हा आबांच्या तोंडावर चादर ओढलेली होती.

ते वाक्य तिनं जपलं. त्याच रागावर ती वर चढत गेली. पुढं ती कंपनी दुसरीनं गिळली, सुधीरची जागा उडाली, आणि पिकल्या केसांचा सुधीर तिच्याच हाताखाली टायपिस्ट म्हणून आला. देव ती मानत नव्हती, नाहीतर नारळ फोडला असता. तो चुकेल तिथं चार लोकांत बोलायची, नाकात बोलणारे सगळे डॉक्टर त्याच्याच गळ्यात घालायची. पण मन भरत नव्हतं. तिला ते वाक्य परत करायचं होतं.

आणि वेळ आली. सुधीर तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"मॅडम, आईला आयसीयूत हलवलंय. जाऊ का?"

तिनं सावकाश, चव घेत सांगितलं, "फाइल संपवून जा. अमेरिकेतला पेशंट थांबणार नाही, आई थांबेल."

आता हा रडेल, हातापाया पडेल, असं तिला वाटलं. तो "हौ मॅडम" म्हणाला आणि हेडफोन लावून बसला. पायही चालू झाला.

दीपमालाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं त्याच्या कानावरचा हेडफोन ओढला. "हे वाक्य कुणाचं? माझे आबा गेले त्या दिवशी कोण बोललं होतं?"

सुधीरनं खरोखर आठवून पाहिलं. "मीच असेन, मॅडम. तेव्हा सगळ्यांनाच म्हणायचो." मग घड्याळाकडं बघून त्यानं विचारलं, "संपवू ना फाइल?"

दीपमालाचा पाय फरशीवर दाबला गेला. पुन्हा दाबला गेला.

"संपव," ती म्हणाली.